पाटीवरचा कौल

आमच्या घरचं घंगाळ कुठं हाय म्हणून कुणी इचारलं, तर मी डोळं झाकून सांगायची, शाळंत. ताकाची रवी? शाळंत. पोहरा, तागडी, लाटणं? समदं शाळंत. एकदा मी त्यांना म्हणले, "आता मलाच तेवढी उचलून न्या, म्हंजी घर मोकळं झालं." तर हसले, आन् जाताना शिंकाळंबी घेऊन गेले.

तू मास्तरीण हायेस म्हणून तुला सांगते, न्हाय तर ह्या गोष्टी मी कुणापाशी काढत न्हाय. आमचे मास्तर म्हंजी कुंडलिक मास्तर. नाव घेतलं म्हणून बघतीस काय अशी? ते जाऊन लई वर्षं झाली, आन् माझ्या तोंडून नाव ऐकायची त्यांनाच हौस व्हती. जितेपणी घेतलं न्हाय, आता घेते.

बारामती आन् इंदापूरच्या मधी, पाटाच्या कडंला आमचं गाव. एका अंगाला पाटाच्या पाण्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला उघडा माळ. लोकल बोर्डाची शाळा मारुतीच्या मागं, एकाच खोलीची, म्होरं लिंबाचं झाड. साल छत्तीस का सदतीस असंल. मास्तर शेतकऱ्याच्याच घरचे, पर नांगर त्यांना कधी जमला न्हाय. अंगानं काटकुळे, आवाज बारीक, कोटाच्या खिशात सदा खडूचा भुगा. पुण्याला ट्रेनिंग करून आलेले. माणूस सोन्यासारखा, पर बायकोच्या मनातलं कळायच्या बाबतीत ठार आंधळा. ते म्होरं सांगते.

तवा शाळंत वस्तुपाठाचा तास असायचा. हवा, पाणी, उजेड, वजन, असल्या गोष्टींचा. पर वस्तू कुठली आन् काय! पोरं नुसती घोकायची, आरतीच्या चालीवर. "हवा जागा व्यापते, हवेला वजन असते." मी आडावर पाणी भरत असले तरी ऐकू यायचं, ऐकून ऐकून मलाबी पाठ झालं व्हतं. एक दिवस मास्तरांनी काय केलं, फुलपात्राच्या बुडाशी फडकं घट्ट कोंबलं, म्होरं पाण्यानं भरलेलं माझं घंगाळ मांडलं, आन् इचारलं, "फुलपात्र उपडं धरून सरळ पाण्यात दाबलं, तर आतलं फडकं भिजंल का?"

"भिजंल!" समद्या शाळंनं एका सुरात सांगितलं. आत्ताच घसा फोडून हवा जागा व्यापते म्हणली व्हती की! मास्तरांनी फुलपात्र दाबलं, वर काढलं, फडकं कोरडंठाक. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं मास्तरांनी जादू केली.

त्या दिवशी घरी जेवायला आले. भाकरी चिवडत बसले. "द्वारका," म्हणाले, "इतकी वर्षं मी पोपटच पाळले गं."

त्या दिवसापासनं शाळंची तऱ्हाच बदलली. काहीबी करून दाखवायच्या आधी मास्तर इचारायचे, सांगा, काय व्हईल? ज्याला असं वाटतं त्यानं लिंबाकडं जाऊन बसायचं, तसं वाटतं त्यानं भिंतीकडं. मधी कुणी बसायचं न्हाय. मग लिंबवाल्यांनी भिंतवाल्यांना पटवायचं, भिंतवाल्यांनी लिंबवाल्यांना. पटलं तर उठून तिकडं जायचं. मास्तर गुमान ऐकत बसायचे. समद्यांचं बोलून झालं की मग खरं काय ते करून बघायचं. आन् ज्याचं चुकलं त्याला छडी न्हाय. उलट त्याच्यापाशी उकिडवं बसून इचारायचे, "तुला तसं का वाटलं रं?" गावात मग बोलणं सुरू झालं, मास्तर बिघडला, पोरांनाच इचारून शिकवतो, ह्याला काय येतच न्हाय जणू.

सारजा म्हणून एक पोरगी व्हती, शेरडं राखून शाळंत यायची. एकदा इचारलं, मोठा धोंडा आन् बारका खडा झाडावरनं एकदम सोडला, तर खाली आधी कोण येईल? अख्खी शाळा भिंतीकडं, मोठा येणार म्हणून. लिंबाकडं सारजा एकटी. मोठमोठी पोरं हसाया लागली. मास्तरांनी इचारलं, "का गं सारजा?" तर म्हणती कशी, "आमची शेळी आन् तिचं करडू, दोघांनी तळ्याच्या बांधावरनं संगंच उडी मारली. दोघंबी संगंच खाली आली. शेळी काय आधी पोचली न्हाय." मग काय, एकेक पोरगं डोकं खाजवत उठलं, निम्मी शाळा लिंबाकडं गेली. वरनं धोंडा आन् खडा सोडला, तर एकच आवाज झाला. त्या दिवशी मास्तर घरी आले ते उड्या मारतच. स्वतःला पोर झालं असतं तरी इतके खूश झाले नसते, असं मी मनात म्हणले, आन् माझं मलाच वाईट वाटलं.

कारण तेच आमचं दुखणं व्हतं. लग्नाला लई वर्षं झाली तरी माझी कूस उजवली न्हवती.

शाळंत जे करायचं ते मास्तर आदल्या दिशी माझ्यावर करून बघायचे. सांजच्याला मी चुलीपाशी, आन् हे म्होरं पाटावर बसलेले. "द्वारका, आडातनं घागर वढताना ती पाण्यात असते तवर हलकी लागते, पाण्याबाहेर आली की एकदम जड. का गं?" आता हे मला ठावं न्हाय व्हय? वढून वढून हाताला घट्टे पडलेत. घागरीला पाणी खालनं उचलून धरतं असं मला कायम वाटायचं. पर मी म्हणायची, "तुमी म्हणाल तसं."

"अगं, आड तू वढतीस का मी?"

"मी वढते. पर तुमी म्हणाल तसं."

कपाळाला हात लावायचे. पर मी तरी काय करू? बापाच्या घरी बाप म्हणंल तसं, सासरी सासू म्हणंल तसं. मला काय वाटतं हे मला जन्मात कुणी इचारलं न्हवतं. नवऱ्यानं इचारलं तवा मला वाटायचं, ह्यात कायतरी फसवाफसवी हाय.

सासू म्हंजी ठमाबाई, मी तिला आत्याबाई म्हणायची. जिभेची तिखट, मनाची वाईट न्हवं. माझ्यासाठी तिनं कमी का केलं? उपास केले, अंगारे आणले, नरसिंहपूरला संगमावर नेऊन मला आंघोळ घातली. पर मग तिचा धीर सुटला. माळेगावात तिच्या चुलतभावाची नात व्हती, चंद्रा. वयात आलेली, हाडापेरानं चांगली. आत्याबाई एक दिवस लेकाला म्हणाली, "कुंडलिका, चंद्राला करून घे. द्वारका ऱ्हाईल की, तिला कोण हाकलतंय? थोरली म्हणून तिला मानानं ठेवू. पर घरात पाळणा हलला पायजे."

मी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत व्हते. माझा हात जागच्या जागी थांबला. आता हे न्हाय म्हणतील, आता म्हणतील, असं वाटत व्हतं. तर म्हणाले काय? "द्वारकाला इचारून सांगतो."

आन् आले की माझ्याकडं! चुलीम्होरं बसले, तसंच पाटावर, आन् तसंच इचारलं, "तुला काय वाटतं?"

"तुमी म्हणाल तसं."

"न्हाय. आधी तू सांग."

असा राग आला मला, असा राग आला, की हातातलं झाकण मी भिंतीवर भिरकावलं. म्हणले, "मी काय तुमच्या शाळंतलं पोर हाय? लिंबाकडं बसू का भिंतीकडं? आग लागो तुमच्या त्या इचारण्याला!" ते उठून गेले. त्यांना वाटलं, मी सांगत न्हाय म्हंजी माझी ना न्हाय. आन् मला वाटलं, ह्यांना नवी बायको पायजे, पर पाप माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय. मी न्हाय म्हणले असते तर गाव म्हणलं असतं, वांझ ती वांझ आन् वर तोंड करून बोलती. मला एवढंच पायजे व्हतं, की ह्यांनी आपणहून म्हणावं, मी दुसरी आणत न्हाय. ते काय म्हणंनात. दोघंबी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

आत्याबाई वाट बघून कंटाळली, तिकडं माळेगावचेबी निरोपाची वाट बघत व्हते. म्हणाली, "तुमी न्हाय बोलत तर देवी बोलंल. मंगळवारी लाखुबाईला कौल लावू." आमच्या गावात कौल कसा लावतात, तर गुरव गाऱ्हाणं घालतो आन् देवीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर व्हय, डावी आधी पडली तर न्हाय. गुरव दत्तोबाला तिनं सांगूनबी ठेवलं.

आमच्या घरातली गोष्ट शाळंत कळायला काय येळ लागतो? सारजानं भर वर्गात इचारलं, "मास्तर, कौलाची पाकळी चिकटून का ऱ्हाती? आन् मग पडती का?" दुसरा मास्तर असता तर थोबाडीत दिली असती. आमच्या मास्तरांनी पाटी मागितली. भिंतीला उभी लावली, कण्हेरीच्या पाकळ्या आणवल्या, आन् पोरांना इचारलं, "एक पाकळी नुसती ओलसर केली, दुसरी पाण्यात निथळती बुडवली. आधी कुठली पडंल?" समदी पोरं म्हणाली, ज्या पाकळीला पाणी जास्त ती जास्त चिकटंल. करून बघितलं, तर निथळती पाकळी पाण्यासंगं सुर्रकन खाली घसरली, आन् ओलसर पाकळी वाळंस्तवर जागची हालली न्हाय. मग जाड पाकळी, पातळ पाकळी, उन्हातली, सावलीतली. दोन दिवस शाळंत तेच चाललं. घरीबी दाराच्या फळीवर पाकळ्या लावून बसायचे. मी बोलत न्हवते, पर बघत व्हते की. पातळ आन् ओलसर टिकती, जाड आन् निथळती घसरती, मलाबी समदं कळलं.

पोरांनी घरी जाऊन काय सांगितलं असंल? मास्तर पाटीवर कौल लावतात, आन् आधीच सांगतात कुठली पाकळी पडणार, आन् तीच पडती! झालं. दुसऱ्या दिशी तानूबाई शाळंच्या दारात हजर. "मास्तर, माझी म्हस सुटून गेली. उगवतीला शोधू का मावळतीला, वाईच कौल लावा."

मास्तरांनी तिला बसवून समजावलं, की तानूबाई, हा देवाचा कौल न्हवं, थोड्या पाण्यानं पाकळी धरून ऱ्हाती, लई पाण्यानं घसरती, एवढंच हाय.

"व्हय की. पर पाणी तरी देवाचंच ना?" तानूबाई म्हणाली. "तुमी लावा तर खरं."

मास्तरांनी काय कौल लावला न्हाय. पर सांजच्याला म्हस आपसूक गोठ्यात येऊन उभी ऱ्हायली, आन् तानूबाईनं गावभर केलं, मास्तरांच्या पाटीला नुसतं इचारलं तरी काम व्हतं! मग बायांची रीघ लागली. कुणाच्या लेकाला पोलिसात घेतील का, कुणाची सून माहेरनं कधी येईल. मास्तर हात जोडून दमले, आन् दत्तोबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आन् आमच्या आत्याबाईची छाती गजभर फुगली. "काखेत कळसा आन् गावाला वळसा!" म्हणाली. "माझ्या पोटच्या पोराच्या हाताला देवानं गुण दिलाय, आन् मी दत्तोबाच्या पाया कशाला पडू? दसऱ्याला आपण पाटीची पूजा करतो का न्हाय? सरसोतीच ती. मंगळवारी कौल शाळंतच लावायचा, आन् तूच लावायचा." मास्तरांनी लई सांगितलं. गाढवापुढं वाचली गीता.

मंगळवारी पोरं घरी गेल्यावर आमी तिघंच शाळंत. आत्याबाईनं पाटीवर सरस्वती काढली, हळदकुंकू वाहिलं, म्होरं नारळ ठेवला. पदर पसरून गाऱ्हाणं घातलं, "आई, माझ्या लेकाला दुसरी बायको आणायची असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे." आन् सरकून बसली. मास्तर पाकळ्यांच्या वाटीपाशी आले. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं व्हतं.

त्यांनी एक पाकळी उचलली, पातळ. नुसत्या बोटानं ओलसर केली, पाटीच्या उजव्या अंगाला अलगद दाबून बसवली. मग दुसरी उचलली. मी बघते तर ती वाटीतली सगळ्यात जाड. ती त्यांनी पाण्यात बुडवली, चांगली निथळती, आन् डाव्या अंगाकडं हात नेला.

आत्याबाईला काय कळणार, पर मला समदं कळलं. हे डावी पाडणार व्हते. माझ्यासाठी. ज्या माणसानं पोरांम्होरं कधी एवढीशी हातचलाखी केली न्हाय, तो माझ्यासाठी आईला फसवत व्हता, त्याच पाटीवर. म्हंजी ह्यांनाबी दुसरी नको व्हती! मला इतका आनंद झाला, आन् इतका रागबी आला, की काय सांगू. मूर्ख माणूस! तोंड दिलंय ना देवानं? आन् मग वाटलं, मलातरी कुठं न्हाय? आज पाकळी पडंल, उद्या आत्याबाई दुसरा कौल मागंल, परवा तिसरा. मी गप ऱ्हायले तर हे जन्मभर माझ्यापायी लबाडी करत बसतील, आन् शाळंतल्या पोरांच्या डोळ्यांत बघायची त्यांना लाज वाटंल.

"थांबा," मी म्हणले.

त्यांचा हात तितंच ऱ्हायला. आत्याबाई गरकन वळली. "अगं, कौल लागतोय!"

"कौल नको, आत्याबाई. मलाच इचारा. मला सवत नको."

असं म्हणले खरं. मी भिंतीला पाठ टेकली. आत्याबाईचा आवाज चढला. "का? का नको? कारण सांग की!"

"कारण हा माणूस माझा हाय," मी म्हणले. "मला त्याला वाटून घ्यायचा न्हाय. मूल न्हाय ह्याचं दुःख तुमाला हाय, मला काय कमी हाय? पर मी दारात उभी ऱ्हाऊन दुसरीला ओवाळीन, आन् ह्यांना तिच्या खोलीत जाताना बघीन, एवढी मोठी मी न्हाय. तुमी मला वांझ म्हणा, कायबी म्हणा. मी न्हाय म्हणते." मग मी ह्यांच्याकडं वळले. "ती पाकळी ठेवा खाली. समद्या जगाला आधी तू सांग, आधी तू सांग म्हणता. आता तुमी सांगा. तुमी कुठल्या बाजूला?"

त्यांनी पाकळी वाटीत टाकली. ओले हात कोटाला पुसले. "आई," म्हणाले, "मला दुसरी बायको नको. मूल नसलं तर नसलं. मला द्वारका पुरे हाय."

"मग इतके दिस बोलला का न्हाईस रं?" आत्याबाई वरडली.

"तुला न्हाय म्हणायचं धाडस झालं न्हाय. म्हणून हिला म्होरं केली." आन् खाली मान घालून उभे ऱ्हायले, धडा न आलेल्या पोरागत.

मी त्यांच्यावर वरडायचं म्हणत व्हते. पर मला रडूच फुटलं. ते येऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे ऱ्हायले, आईदेखत. तसं करायची त्या काळी रीत न्हवती.

आत्याबाई तशीच बसून. आता शिव्या देईल, आता कपाळ बडवंल, असं मला वाटत व्हतं. पर तिचा राग कुठंतरी गेला व्हता. तुला सांगायचं ऱ्हायलं, आत्याबाई म्हंजी आमच्या सासऱ्यांची दुसरी बायको. थोरली मी यायच्या आधीच गेली व्हती, आन् तिचं नाव घरात कुणी काढत नसे. मला कुठनं बळ आलं कुणास ठावं, मी तिच्यापाशी जाऊन बसले आन् हळूच इचारलं, "आत्याबाई, तुमाला ह्या घरात आणायचं ठरलं, तवा तुमाला काय वाटलं व्हतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"मला कुणी इचारलंच न्हाय गं," ती म्हणाली. "आज तू पयली. सगुणा तिचं नाव. माझ्या हळदीचं पाणी तिनंच तापवलं. मला न्हाऊ घालताना तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत व्हतं, आन् मी लहान, मला वाटलं चुलीच्या धुरानं. तिला कुणी इचारलं असतं तर ती न्हायच म्हणाली असती. आन् मला इचारलं असतं, तर मीबी न्हाय म्हणले असते."

मी तिचा हात धरला. तिनं डोळं पुसलं, नाक शिंकरलं, आन् एकदम लेकाकडं बघून म्हणाली, "आन् आपण त्या चंद्राला तरी कुठं इचारलंय रं?" मग उठली, पदर खोचला, आन् आमच्या आधी शाळंच्या बाहेर पडली, हे लगीन व्हणार न्हाय म्हणून माळेगावला सांगावा धाडायला.